रुग्णसेवेतील चुकीबद्दल नोटीस आल्यास परिचारिकेने आपला बचाव कसा करावा

रात्रपाळीत एका रुग्णाचे इंजेक्शन दुसऱ्याला दिले गेले, रक्त चढवताना आलेली प्रतिक्रिया उशिरा लक्षात आली, इन्सुलिनची मात्रा जास्त झाली किंवा खाटेचा कठडा वर न केल्यामुळे वृद्ध रुग्ण खाली पडला, की पुढच्या काही दिवसांत परिचारिकेच्या हातात एकामागून एक कागद पडू लागतात. आधी अधिसेविकांचा, म्हणजे मेट्रनचा, मेमो येतो, मग प्रशासनाची कारणे दाखवा नोटीस, मग नातेवाइकांच्या तक्रारीवरून पोलिसांचे बोलावणे, आणि प्रकरण निवळले असे वाटत असतानाच मुंबईहून महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे पत्र. सीपीआरसारख्या मोठ्या शासकीय रुग्णालयापासून गगनबावड्याकडच्या आरोग्य केंद्रापर्यंत आणि शहरातल्या दहा-पंधरा खाटांच्या खासगी रुग्णालयापर्यंत, कोल्हापूर जिल्ह्यात काम करणाऱ्या सिस्टर, ब्रदर आणि आरोग्यसेविका यांना अशा वेळी नेमके काय करावे हे सांगणारे माणूस सहसा जवळ नसते. ज्यांचा सल्ला मिळतो ते बहुधा रुग्णालयाच्या बाजूचे असतात, आणि रुग्णालयाचे हित व परिचारिकेचे हित प्रत्येक वेळी एकच असते असे नाही.

या लेखातील मुख्य सांगणे एवढेच आहे की बचाव वकीलपत्र दिल्यावर सुरू होत नाही. घटनेनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत तुम्ही नोंदीत काय लिहिले, काय लिहिले नाही आणि पहिल्या खुलाशात कोणते शब्द वापरले, यावर पुढच्या दोन-तीन वर्षांचे बरेच काही ठरून जाते. म्हणून या दोन गोष्टींवर येथे अधिक लिहिले आहे. प्रत्येक प्रकरणाचे तपशील वेगळे असतात, त्यामुळे प्रत्यक्ष उत्तर देण्यापूर्वी वकिलाला कागद दाखवणे आवश्यकच आहे; पण वकिलाकडे जाण्यापूर्वी हातून काय होऊ नये, हे प्रत्येकीला माहीत असायला हवे.

एकाच घटनेवरून किती कारवाया होऊ शकतात

नोकरी देणाऱ्याची कारवाई वेगळी, परिषदेची वेगळी, पोलिसांची वेगळी आणि ग्राहक आयोगातील वेगळी. या चारही एकाच वेळी चालू शकतात, प्रत्येकीचा कायदा वेगळा असतो, आणि एका ठिकाणी सुटका झाली म्हणून दुसऱ्या ठिकाणचे प्रकरण आपोआप मिटत नाही. फौजदारी न्यायालयात आरोप निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. विभागीय चौकशीत मात्र एखादी गोष्ट घडली असण्याची शक्यता अधिक आहे एवढे दाखवले तरी पुरते. त्यामुळे न्यायालयात निर्दोष सुटलेल्या व्यक्तीवरही विभागीय कारवाई टिकू शकते. मात्र दोन्हीकडे आरोप आणि साक्षीदार तेच असतील व प्रश्न गुंतागुंतीचे असतील, तर फौजदारी खटल्याचा निकाल लागेपर्यंत विभागीय चौकशी थांबवावी अशी मागणी करता येते. सर्वोच्च न्यायालयाने कॅप्टन एम. पॉल अँथनी प्रकरणात १९९९ मध्ये ही दिशा घालून दिली आहे. ही मागणी करावी की नाही हा विचारपूर्वक घ्यायचा निर्णय आहे, कारण चौकशी थांबली तर निलंबनही लांबू शकते.

परिषदेचा अधिकार महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ मधून येतो. तुमची नोंदणी परिषदेकडे असते आणि व्यावसायिक गैरवर्तन चौकशीत सिद्ध झाले, तर ताकीद देण्यापासून नोंदवहीतून नाव काढून टाकण्यापर्यंत कारवाई होऊ शकते. एखाद्या रुग्णालयातील नोकरी गेली तर दुसरीकडे मिळते. नोंदवहीतून नाव गेले तर राज्यात परिचारिका म्हणून कामच करता येत नाही. म्हणून परिषदेचे पत्र इतर कागदांच्या ढिगात कधीही पडू देऊ नये. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा केला असून त्यात १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी राष्ट्रीय आणि राज्य आयोगांची रचना ठरवली आहे. त्यामुळे नोटीस हातात पडताच पहिल्यांदा हे पाहावे की ती कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली काढली आहे, कोणाच्या सहीने निघाली आहे आणि उत्तरासाठी किती दिवस दिले आहेत. कलमाचा उल्लेखच नसेल, तर तो लेखी मागावा.

पहिले दोन दिवस

सर्वांत आधी रुग्ण. चूक लक्षात येताच डॉक्टरांना कळवणे, रुग्णाची नाडी, रक्तदाब, श्वसन आणि गरजेप्रमाणे साखर तपासणे, डॉक्टरांच्या आदेशानुसार उपचार सुरू करणे आणि हे सर्व वेळेसह नोंदवणे, हे तुमचे कर्तव्य आहेच. शिवाय पुढे तुमच्या बाजूने उभा राहणारा सर्वांत भक्कम पुरावाही हाच असतो. चूक झाली पण ती लपवली नाही, तत्काळ कळवले आणि उपाय सुरू केले, असे कागदावरून दिसणारी परिचारिका आणि चूक झाकण्याचा प्रयत्न केलेली परिचारिका, यांच्याकडे कोणतीही चौकशी समिती एकाच नजरेने पाहत नाही.

त्यानंतर नोंद. घटनेनंतर केसपेपरमध्ये एक अक्षरही मागून घुसवू नये, खोडू नये, पान बदलू नये, व्हाइटनर लावू नये. एखादी गोष्ट गडबडीत लिहायची राहिली असेल, तर ती पुढच्या मोकळ्या ओळीवर ‘उशिरा केलेली नोंद’ असे स्पष्ट लिहून, लिहिण्याची तारीख आणि वेळ घालून, सही करून लिहावी. चुकून लिहिलेला शब्द एका आडव्या रेषेने, खालचे वाचता येईल असा, कापावा आणि शेजारी सही करावी. रात्री दीडच्या नोंदीची शाई आणि पहाटे पाचच्या नोंदीची शाई सारखी, अक्षर सारखेच घाईचे, आणि मधल्या साडेतीन तासांचा टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) तक्ता एका बैठकीत भरलेला, असे कागद समोर आले की मूळ चूक बाजूला राहते आणि बनावट नोंदीचा आरोप पुढे येतो. मूळ चूक अनेकदा समजून घेतली जाते. नोंदीतील फेरफार सहसा समजून घेतला जात नाही, आणि त्यातून स्वतंत्र फौजदारी गुन्हाही उभा राहू शकतो. वरिष्ठ किंवा डॉक्टर ‘तेवढे एक वाक्य लिहून टाका’ म्हणाले तरी नम्रपणे नकार द्यावा. सही तुमची असते.

तिसरी गोष्ट पुरावा जपण्याची. कक्षातील सीसीटीव्हीचे चित्रीकरण काही दिवसांनी त्यावरच नवे चित्रीकरण होऊन पुसले जाते. म्हणून घटनेच्या दुसऱ्याच दिवशी प्रशासनाला लेखी अर्ज द्यावा की अमुक कक्षाचे, अमुक वेळेचे चित्रीकरण, त्या दिवसाचा ड्युटी रोस्टर, ओव्हर देण्याघेण्याची वही, उपचारपत्रक, औषधांची इंडेंट (मागणी) वही आणि रिकामी कुपी किंवा अँपूल जपून ठेवावे. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का किंवा पोच घ्यावी. कोणी पोच द्यायला तयार नसेल तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवावा. रुग्णाच्या कागदांचे फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये काढून बॅचच्या ग्रुपवर टाकण्याचा मोह आवरावा, कारण रुग्णाची गोपनीयता मोडल्याचा दुसरा आरोप त्यातून तयार होतो. स्वतःच्या आठवणीप्रमाणे घटनाक्रम मात्र त्याच रात्री घरी एका कागदावर सविस्तर लिहून काढावा. कोण कक्षात होते, कोणाचा फोन किती वाजता आला, कोणत्या खाटेवर त्याच वेळी दुसरी धावपळ सुरू होती, हे आठवडाभराने नीट आठवत नाही. हा कागद कोणाला द्यायचा नसतो. तो वकिलासाठी असतो.

खासगी रुग्णालयांत या पहिल्या दोन दिवसांत आणखी एक दबाव येतो. ‘राजीनामा लिहून द्या, प्रकरण इथेच मिटेल’ किंवा ‘नातेवाइकांसमोर एक माफीपत्र द्या’ असे सांगितले जाते. दोन्ही गोष्टी वकिलाला विचारल्याशिवाय करू नयेत. राजीनाम्याने परिषदेकडची तक्रार थांबत नाही आणि माफीपत्र पुढे कबुलीजबाब म्हणून वाचले जाते. नातेवाइकांशी माणुसकीने बोलणे वेगळे आणि कागदावर दोष कबूल करून देणे वेगळे. जमावाने शिवीगाळ किंवा मारहाण केली, तर २०१० च्या महाराष्ट्रातील वैद्यकीय सेवा व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसाचार रोखण्याच्या कायद्याचे संरक्षण परिचारिकांनाही आहे. तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तुमच्यावर तक्रार आहे म्हणून तुम्ही तक्रार करू शकत नाही, असे मुळीच नाही.

खुलासा कसा लिहावा

मेमो आल्यावर बहुतेक जणी टेबलावर उभ्या उभ्या चार ओळी लिहून देतात: ‘माझ्याकडून निष्काळजीपणाने चूक झाली आहे, पुन्हा असे होणार नाही, तरी मला माफ करावे ही विनंती.’ लिहिणारीच्या मनात नम्रता असते. पण वाचणाऱ्याच्या हाती लेखी कबुली पडते. ‘निष्काळजीपणा’ हा कायद्यातील निष्कर्ष आहे. तो काढणे चौकशी करणाऱ्याचे काम आहे, तुमचे काम घडलेली वस्तुस्थिती खरी आणि पूर्ण सांगण्याचे आहे. आणि हाच कागद मेट्रनच्या फाइलमधून पोलिसांकडे, तेथून ग्राहक आयोगाकडे आणि परिषदेकडे जातो, हे लिहिताना डोळ्यांसमोर असावे.

इन्सुलिनचे उदाहरण घेऊ. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या ४० युनिट प्रति मिलिलिटर आणि १०० युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन तीव्रतांच्या मिळतात आणि त्यांच्या सिरिंजही निराळ्या असतात. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. १०० तीव्रतेच्या कुपीतून ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर रुग्णाला प्रत्यक्षात २५ युनिट जातात, म्हणजे अडीचपट. अशा घटनेनंतरचा खुलासा असा असावा:

‘दिनांक अमुक रोजी रात्रपाळीत पुरुष वैद्यकीय कक्षात मी एकटी अधिपरिचारिका होते आणि कक्षात ३४ रुग्ण होते. रात्री ९.४० वाजता खाट क्रमांक १२ वरील रुग्णास उपचारपत्रकातील आदेशानुसार १० युनिट इन्सुलिन देण्यासाठी कक्षातील ४० युनिटच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत औषध भरून ते त्वचेखाली दिले. १०.५० वाजता रुग्णास घाम येत असल्याचे दिसल्याने ग्लुकोमीटरवर साखर तपासली असता ती ४२ आढळली. त्याच वेळी निवासी डॉक्टरांना फोन केला व त्यांच्या आदेशानुसार १०.५५ वाजता शिरेतून डेक्स्ट्रोज दिले. ११.१० वाजता साखर ११८ होती. त्यानंतर कुपी पाहिली असता ती १०० युनिट तीव्रतेची असल्याचे लक्षात आले. त्या दिवशी कक्षात १०० युनिटची सिरिंज उपलब्ध नव्हती. ही कुपी कक्षात केव्हा व कोणत्या इंडेंटवर आली, याची नोंद तपासावी अशी विनंती आहे.’

या खुलाशात काहीही लपवलेले नाही. औषध जास्त गेले हे त्यात उघड दिसते. तरीही तो बचावाचा पाया घालतो, कारण चूक एका हाताची की व्यवस्थेची, हा प्रश्न त्यातून आपोआप उभा राहतो. दोन तीव्रतांच्या कुप्या एकाच फ्रिजमध्ये कोणी ठेवल्या, धोकादायक औषध दोघींनी मिळून तपासावे असा नियम रुग्णालयात होता का, असल्यास रात्री एकटीने तो पाळायचा कसा, ही विचारणा मग टाळता येत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे सामान्य कक्षात शिक्षण रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ आणि इतर रुग्णालयांत ५ रुग्णांमागे १ परिचारिका अपेक्षित आहे, अतिदक्षता विभागात तर रुग्णामागे एक. तुमच्या पाळीला प्रत्यक्ष प्रमाण काय होते, हे ड्युटी रोस्टर आणि रुग्णसंख्येच्या दैनिक नोंदीवरून दाखवावे. मनुष्यबळ अपुरे होते एवढ्याने दोष पूर्ण धुऊन निघत नाही, हेही लक्षात ठेवावे; पण शिक्षेचे प्रमाण ठरताना हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो, विशेषतः तुम्ही पूर्वी मनुष्यबळाबाबत लेखी कळवलेले असेल तर. म्हणून अशी पत्रे वेळोवेळी देऊन त्यांची पोच जपण्याची सवय प्रत्येक कक्षप्रमुखाने लावून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

मुदत कमी असेल तर घाईने अर्धवट खुलासा देऊ नये. केसपेपर, उपचारपत्रक आणि तक्रारीची प्रत मागून, ती मिळाल्यापासून ठरावीक दिवसांत खुलासा देईन, असा मुदतवाढीचा अर्ज आधी द्यावा. गप्प मात्र राहू नये. उत्तर न दिल्यास एकतर्फी निर्णय होतो आणि तो नंतर फिरवणे कठीण जाते.

विभागीय चौकशी

शासकीय परिचारिकेने आपला शिस्तभंग प्राधिकारी कोण, हे आधी ठरवून घ्यावे, कारण जिल्ह्यात एकाच गावात तीन निरनिराळ्या यंत्रणा असतात. सीपीआर हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले असल्यामुळे वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येते. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाखाली. प्राथमिक आरोग्य केंद्रातील आरोग्यसेविका जिल्हा परिषदेच्या. पहिल्या दोन ठिकाणी महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू होतात, तर जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६४ चे जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम. अधिकार नसलेल्या अधिकाऱ्याने काढलेले दोषारोपपत्र हा बचावाचा पहिला मुद्दा असू शकतो.

मोठ्या शिक्षेसाठी दोषारोपपत्र, त्यासोबत आरोपांचा तपशील, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी मिळायला हवी. यादीतील प्रत्येक कागद पाहण्याचा आणि प्रत मागण्याचा हक्क बजावावा. साक्षीदारांची उलटतपासणी करण्याचा हक्क सोडून देऊ नये. ‘सिस्टर, आता कशाला वाढवता’ असे म्हणून तो सोडायला लावला जातो आणि पुढे अपिलात त्याचीच उणीव भासते. चौकशीत सहसा वकील चालत नाही, पण बचाव सहायक म्हणून दुसऱ्या शासकीय कर्मचाऱ्याची मदत घेता येते. प्रशासनाची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी स्वतः कायद्याचा जाणकार असेल, तर वकिलासाठी परवानगी मागावी. बचाव सहायक निवडताना मैत्रीपेक्षा चौकशीचा अनुभव पाहावा. चौकशी अहवाल प्रतिकूल आला तर शिक्षा ठरवण्यापूर्वी त्याची प्रत देऊन म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ईसीआयएल विरुद्ध करुणाकर या १९९३ च्या निकालात हे स्पष्ट केले आहे. निलंबन झाले असल्यास निर्वाह भत्त्याची मागणी लगेच करावी, आणि तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले गेले नाही तर अजय कुमार चौधरी या २०१५ च्या निकालाचा आधार घेऊन निलंबन मागे घेण्याचा अर्ज करावा. शासकीय रुग्णालयात कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज हाताशी आहेच. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

पोलिसांचे बोलावणे आले तर

रुग्ण दगावला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ चा विषय येतो. येथे परिचारिकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, आणि ती मला अन्यायाची वाटते. हयगयीने मृत्यूस कारण झाल्याबद्दल या कलमात ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाच्या हातून वैद्यकीय प्रक्रिया करताना तसे घडले, तर ती २ वर्षांपर्यंत मर्यादित केली आहे. पण नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक कोण, याचे स्पष्टीकरण राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखालील नोंदवहीशी बांधलेले आहे. परिचारिकेचे नाव त्या नोंदवहीत नसते. म्हणजे डॉक्टरांच्या आदेशावरून काम करणारी परिचारिका त्याच घटनेत अधिक शिक्षेच्या भागात येऊ शकते. म्हणून ‘गुन्हा डॉक्टरांवर दाखल होईल, आपल्याला फक्त साक्षीला बोलावतील’ अशा समजुतीत राहू नये.

दिलासा देणाऱ्या गोष्टीही आहेत. कलम १०६ (१) चा गुन्हा जामीनपात्र आहे. जेकब मॅथ्यू या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वैद्यकीय व्यावसायिकाला फौजदारी जबाबदार धरण्यासाठी साधी चूक पुरत नाही, हयगय गंभीर स्वरूपाची असावी लागते. तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे आणि सरसकट अटक करू नये. तुमच्या वकिलाने हा मुद्दा पोलिसांना लेखी कळवावा आणि मत देणाऱ्या समितीपुढे परिचर्येची बाजू समजणारी व्यक्ती असावी अशी मागणी करावी. औषधाचा आदेश देणे हे डॉक्टरांचे शास्त्र आहे. तो आदेश पाळताना सर्वसामान्य सक्षम परिचारिकेने काय केले असते, हे अनुभवी अधिसेविका किंवा परिचर्या महाविद्यालयातील प्राध्यापक अधिक अचूक सांगू शकतात. असे लेखी मत तुम्ही स्वतःही मिळवून परिषदेपुढे ठेवू शकता.

जबाब देताना खरे आणि मोजके बोलावे. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सही करणे कायद्याने आवश्यक नाही. साक्षीदार म्हणून बोलावलेल्या महिलेला तिच्या राहत्या ठिकाणाखेरीज इतरत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, आणि अपवादात्मक परिस्थिती व दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी यांशिवाय महिलेला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. आरोपी केलेल्या व्यक्तीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) मधील हक्क आहे. सदोष मनुष्यवधासारखे जड कलम लावण्याची भाषा सुरू झाली, तर एक दिवसही न दवडता अटकपूर्व जामिनासाठी कसबा बावड्यातील जिल्हा न्यायालयात अर्ज करावा.

ग्राहक आयोगातील दाव्याबद्दल थोडक्यात: रुग्णालय आपल्या कर्मचाऱ्यांच्या कृतीसाठी जबाबदार असते. स्प्रिंग मेडोज या १९९८ च्या प्रकरणात परिचारिकेने दिलेल्या इंजेक्शनमुळे बालकाच्या मेंदूला कायमची इजा झाली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी रुग्णालयावर कायम ठेवली. तरी नोटीस तुमच्या नावे आली असेल, तर स्वतंत्र लेखी म्हणणे ३० दिवसांत द्यावे. आयोग त्यापुढे फार तर १५ दिवस वाढवू शकतो. रुग्णालयाचा वकील तुमच्या वतीनेही उत्तर देतो म्हणाला, तर आधी त्याचा मसुदा वाचावा. त्यात सारा दोष ‘संबंधित परिचारिकेवर’ ढकललेला असेल, तर वेगळा वकील करणे भाग आहे.

परिषदेपुढील सुनावणी

परिषद पत्रव्यवहार तुमच्या नोंदणीतील पत्त्यावर करते. लग्नानंतर इचलकरंजीहून गडहिंग्लजला गेलेल्या, पण नोंदणीत माहेरचाच पत्ता राहिलेल्या परिचारिकेला नोटीस मिळतच नाही आणि प्रकरण एकतर्फी पुढे सरकते. पत्ता, मोबाइल क्रमांक आणि बदललेले नाव परिषदेला कळवलेले असावे. दर पाच वर्षांचे नूतनीकरणही चालू असावे. घटनेच्या दिवशी नोंदणीची मुदत संपलेली निघाली, तर मूळ आरोपापेक्षा तेच अधिक जड होते.

परिषदेला द्यायच्या उत्तरात तीन प्रश्न वेगळे ठेवावेत. काय घडले, ते घडण्यात तुमच्या हातात काय होते, आणि ते व्यावसायिक गैरवर्तन ठरते का. चूक आणि गैरवर्तन यांत अंतर आहे. तीस रुग्णांच्या धावपळीत सारख्या दिसणाऱ्या दोन अँपूलमधून चुकीचे उचलले जाणे आणि ड्युटीवर असताना रुग्णाची हाक वारंवार ऐकूनही न जाणे, या एकाच मापाने मोजायच्या गोष्टी नाहीत. हे अंतर परिषद आपणहून शोधून काढील असे गृहीत धरू नये. ते तुम्ही कागदांनिशी दाखवावे लागते. उत्तरासोबत केसपेपरच्या प्रती, रोस्टर, पहिला खुलासा, सेवाकाळातील गोपनीय अहवाल किंवा अनुभव प्रमाणपत्रे आणि घटनेनंतर औषध सुरक्षिततेबाबत घेतलेल्या प्रशिक्षणाची नोंद जोडावी. वकिलासह हजर राहण्याची परवानगी पहिल्याच उत्तरात मागावी. सुनावणीत विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर द्यावे, आठवत नसेल तर आठवत नाही असे सांगावे, आणि सहकारी किंवा डॉक्टर यांच्यावर पुराव्याशिवाय बोट दाखवू नये. तोंडी आदेश होता असे म्हणायचे असेल, तर त्या वेळची नोंद, फोनची वेळ किंवा शेजारी असलेल्या सहकाऱ्याची साक्ष दाखवता आली पाहिजे.

खर्चाची चिंता अनेकींना लवकर सल्ला घेण्यापासून रोखते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. व्यावसायिक दायित्वाचा विमा स्वतःच्या नावे असेल किंवा रुग्णालयाच्या पॉलिसीत परिचारिकांचा समावेश असेल, तर घटना घडताच विमा कंपनीला लेखी कळवावे, कारण उशीर झाल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनचे किंवा आपल्या परिचारिका संघटनेचे सभासदत्व असल्यास तिथेही लगेच कळवावे.

निर्णय लागल्यावर आदेशाची प्रमाणित प्रत मागावी आणि ती मिळाल्याची तारीख पाकिटासह जपावी, कारण अपिलाची मुदत तिथून मोजली जाते. ‘फक्त ताकीद आहे, नोकरी तर राहिली’ असे म्हणून आदेश तसाच स्वीकारण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा. परदेशी नोकरीसाठी किंवा दुसऱ्या राज्यात नोंदणीसाठी परिषदेकडून चांगल्या वर्तनाचे प्रमाणपत्र लागते, तेव्हा ही ताकीद पुन्हा समोर येऊ शकते. शासकीय कर्मचाऱ्याला विभागीय अपिलानंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटकडे, जाता येते. परिषदेच्या आदेशाविरुद्ध आधी कायद्यात दिलेले अपील करावे. मात्र नोटीसच न देता, म्हणणे न ऐकता किंवा अधिकार नसताना आदेश काढला असेल, तर उच्च न्यायालयात थेट रिट याचिका करता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सीपीआरसमोरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तिथे चालतात. तेव्हा वकिलाशी बोलताना याचिका इथेच दाखल करता येईल का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे, आणि जाताना आदेशाची प्रत, नोटीस, पहिला खुलासा व सर्व पोच तारखेच्या क्रमाने लावून न्याव्यात.